तबकडीची नाडी

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मराठीत 'जाणं' या क्रियापदावर फार ओझं आहे. लाइट जाते, नोकरी जाते, आवाज जातो आणि माणूसही जातो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्यात आणखी एकाची भर पडली. 'हार्ड डिस्क गेली.' हे वाक्य उच्चारणाऱ्याचा चेहरा कधी पाहिलात? लाइट गेल्याचं सांगताना तो तसा नसतो, कारण लाइट परत येते. हार्ड डिस्क गेली की तिच्याबरोबर मुलीच्या लग्नाचे फोटो जातात, दुकानाचे हिशेब जातात, कुणाचा अर्धा लिहिलेला प्रबंध जातो. नवी डिस्क बाजारात मिळते. हे मिळत नाही.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. यंत्रशास्त्राशी माझी ओळख दुरूनच. पण ही तबकडी जाण्यापूर्वी काही सांगते का, आणि ते ऐकायला माणूस कसा शिकला, याचा इतिहास मला वैद्यकाच्या इतिहासाइतकाच रंजक वाटतो. आज त्याविषयी थोडं बोलायचं आहे. ज्यांच्या कपाटात एखादा जुना लॅपटॉप धूळ खात पडलाय, त्यांनी विशेष लक्ष द्यावं.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे या शहरात. आयबीएम कंपनीने १९५२ साली तिथे एक छोटी प्रयोगशाळा काढली आणि ती रेनॉल्ड जॉन्सन यांच्या हाती सोपवली. हे जॉन्सन एकेकाळचे शाळामास्तर. विद्यार्थ्यांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा ओळखून उत्तरपत्रिका तपासणारं यंत्र त्यांनी बनवलं होतं. त्या काळी संगणकाची माहिती भोकं पाडलेल्या कार्डांवर किंवा चुंबकीय फितीवर ठेवत. फितीची अडचण आपल्याला कॅसेटच्या जमान्यापासून ठाऊक आहे. मधलं गाणं हवं असेल तर तिथपर्यंत फीत फिरवत न्यावी लागते. जॉन्सन यांच्या मंडळींनी ठरवलं, फीत नकोच, ग्रामोफोनसारखी तबकडी घेऊ. म्हणजे सुई उचलून हवी तिथे टेकवता येईल.

सप्टेंबर १९५६ मध्ये हे यंत्र जगापुढे आलं. नाव होतं रॅमॅक. त्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक रचलेल्या होत्या आणि त्या मिनिटाला १,२०० फेरे घेत. वजन टनाच्या वर. त्यात मावत होती ५० लाख अक्षरं. आजच्या हिशेबाने मोबाइलवर काढलेला एखादा चांगला फोटो त्यात जेमतेम बसेल. तबकडीवर लोहाच्या ऑक्साइडचा लेप द्यायचा होता आणि लेपात एकही गुठळी चालणार नव्हती. सांगतात, की त्या मंडळींनी तो रंग बायकांच्या रेशमी पायमोज्यातून गाळला आणि कागदी पेल्यातून फिरत्या तबकडीवर ओतला. आपल्या आयांना हे ऐकून हसू आलं असतं. वस्त्रगाळ करणं त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

या यंत्राचा जीव होता तो तबकडी आणि तिच्यावरचा हेड यांच्यामधल्या अंतरात. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते, इथे टेकून चालत नाही. रॅमॅकमध्ये हे अंतर राखायला दाबाखालची हवा सोडावी लागे. १९६१ साली आयबीएमनेच केलेल्या पुढच्या यंत्रात तबकडीच्या फिरण्याने जी हवा हलते, तिच्यावरच हेड तरंगू लागला. १९७३ साली 'विंचेस्टर' या टोपणनावाची डिस्क आली. त्यात तबकडी आणि हेड एकाच बंद डबीत राहू लागले, बाहेरच्या धुळीशी संबंध नको म्हणून. मूळ बेत तीस-तीस मेगाबाइटच्या दोन भागांचा होता. 'थर्टी-थर्टी' म्हटल्यावर प्रकल्पप्रमुखांना त्याच आकड्याची विंचेस्टर रायफल आठवली, म्हणून हे नाव. १९८० साली सीगेटची पाच मेगाबाइटची सव्वापाच इंची डिस्क आली आणि ही चीज टेबलावरच्या संगणकात शिरली. १९८८ साली अडीच इंची डिस्क निघाली. लॅपटॉपच्या पोटात पुढे वर्षानुवर्षं राहिली ती याच मापाची.

टनभराचं यंत्र अशा रीतीने तळहातावर आलं. पण लहान होताना ते नाजूक होत गेलं. अलीकडच्या डिस्कमध्ये हेड आणि तबकडी यांच्यात काही नॅनोमीटरचं अंतर असतं. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. धुळीचा कण त्या फटीपुढे डोंगराएवढा. आणि असं यंत्र आपण बसमध्ये मांडीवर घेऊन, खड्डे खात, एस.टी.च्या तालावर चालवत आलो. ते इतकी वर्षं टिकलं याचंच नवल.

ते टिकावं म्हणून काय काय केलं गेलं, तेही ऐकण्यासारखं आहे. २००३ साली आयबीएमने आपल्या थिंकपॅड लॅपटॉपमध्ये धक्का ओळखणारी एक चिप बसवली. लॅपटॉप हातातून निसटला, तर जमिनीवर पोचायच्या आत ती हेडला बाजूला घेते. आणखी एक युक्ती तर मला कवितेसारखी वाटते. एकाएकी वीज गेली, तर तबकडीच्या उरलेल्या गतीतूनच थोडी वीज निर्माण होते आणि तेवढ्या विजेवर हेड सुरक्षित जागी जाऊन बसतो. महाराष्ट्राने भारनियमनाची जी वर्षं काढली, त्या वर्षांत किती डिस्कांनी दिवसातून किती वेळा हा शेवटचा श्वास वापरला असेल! ज्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेली आहे आणि जो फक्त वायरीवर चालतो, त्याच्यावर आजही वीज गेली की हीच वेळ येते.

आता दुखण्याकडे वळू. डिस्कची दुखणी ढोबळमानाने तीन. एक, तबकडीचा पृष्ठभाग जागोजागी खराब होणं. दोन, हेड किंवा मोटर यांच्यात बिघाड होणं. तीन, खालच्या हिरव्या पट्टीवरची इलेक्ट्रॉनिक जोडणी जळणं. तिसऱ्यात डिस्क एकदम मुकी होते. दुसऱ्यात ती बोलते. चांगल्या डिस्कचा आवाज म्हणजे हलकी कुरकुर. बिघडलेल्या हेडचा आवाज वेगळा, टक्... टक्... टक्, ठरावीक अंतराने. हेडला आपली वाट सापडत नाही, तो मागे येऊन आपटतो आणि पुन्हा शोधायला निघतो. अंधारात किल्लीचं भोक न सापडणाऱ्या माणसासारखा.

पहिलं दुखणं सर्वांत फसवं, कारण डिस्क ते लपवते. प्रत्येक तबकडीवर काही जागा राखीव असते. एखादा कप्पा नीट लिहिला जात नाही असं दिसलं, की डिस्क तो बाद करते आणि त्याऐवजी राखीव कप्पा लावून घेते. आपल्याला पत्ताही लागत नाही. घरातली कर्ती बाई अंगावर दुखणं काढते आणि विचारलं तर 'काही नाही, जरा दमलेय' म्हणते, तसं हे. फाटलं तिथे ठिगळ लावत डिस्क वर्षं काढते. मग एके दिवशी ठिगळं संपतात.

हे लपवलेलं दुखणं बाहेर कसं काढायचं? १९९२ साली आयबीएमने आपल्या काही डिस्कांना स्वतःची मोजमापं तपासून 'मी बिघडण्याच्या बेतात आहे' असं कळवायला शिकवलं. नंतर कॉम्पॅक कंपनीने सीगेट, क्वांटम आणि कॉनर या डिस्क बनवणाऱ्यांना हाताशी धरून आपली पद्धत आणली आणि १९९५ मध्ये ती साऱ्या उद्योगापुढे ठेवली. त्यातून जे रूप ठरलं त्याला 'स्मार्ट' म्हणतात. इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जुळवून केलेलं नाव. अर्थ सोपा आहे. डिस्क आपली रोजनिशी स्वतः ठेवते. किती तास चालले, किती वेळा सुरू झाले, किती कप्पे बाद केले, किती कप्प्यांविषयी शंका आहे, अंगात ताप किती आहे. विचारणारा हवा.

विचारणारे भेटले तेही गमतीचे. ही रोजनिशी वाचण्याचा एक फुकट प्रोग्रॅम कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या विद्यापीठात मायकेल कॉर्नवेल यांनी लिहिला. त्याचा धागा धरून २००२ साली ब्रूस ॲलन यांनी 'स्मार्टमॉनटूल्स' सुरू केला. ॲलन हे भौतिकशास्त्रज्ञ. गुरुत्वीय लहरींच्या शोधात गुंतलेले. आकाशातून येणारी अतिक्षीण थरथर हुडकण्यासाठी त्यांच्याकडे संगणकांचा मोठा ताफा होता आणि त्या ताफ्यातल्या डिस्कांवर नजर ठेवणं भाग होतं. तो प्रोग्रॅम आजही फुकट मिळतो, आणि गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याच्या संगणकावरही चालतो.

या रोजनिशीतल्या तीन ओळी लक्षात ठेवा. पाचव्या क्रमांकाची ओळ सांगते, किती कप्प्यांना ठिगळ लावलं. एकशे सत्त्याण्णवावी सांगते, किती कप्पे वाचता येत नाहीत आणि निकालाची वाट पाहताहेत. एकशे अठ्ठ्याण्णवावी सांगते, तपासणीतही जे सुधारले नाहीत असे किती. या ओळींतला मूळ आकडा शून्य असावा. शून्य नसेल आणि आठवड्यागणिक वाढत असेल, तर तबकडी उतरणीला लागली. एकशे नव्व्याण्णवावी ओळ वाढत असेल, तर मात्र डिस्कला दोष देण्याआधी जोडणी तपासावी. दुखणं बहुधा वायरीत किंवा खाचेत असतं. आणि एक सावधगिरी. सगळ्यात वर 'ठीक' असा जो एकशब्दी निकाल येतो, त्यावर विसंबू नये. 'ठीक' आणि 'नापास' यांतली रेषा डिस्क बनवणारी कंपनीच आखते आणि ती फार सैल असते.

मग नाडी हाती आली म्हणजे प्रश्न मिटला का? याचं उत्तर फेब्रुवारी २००७ मध्ये मिळालं, तेही सॅन होजे शहरातच. जिथे रॅमॅक जन्मला तिथे भरलेल्या एका परिषदेत गूगलच्या तिघा संशोधकांनी, पिन्हेरो, वेबर आणि बरोसो यांनी, आपल्याकडच्या लाखाहून अधिक डिस्कांचा ताळेबंद मांडला. तपासणीत पहिला दोष दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता, दोष न दिसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. म्हणजे नाडी खरं बोलते. पण त्याच निबंधात दुसरी गोष्ट होती. ज्या डिस्का बंद पडल्या, त्यांतल्या ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी चार प्रमुख खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. निम्म्याहून जास्त डिस्का काही न बोलता गेल्या.

त्याच परिषदेत बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी आणखी एक भ्रम दूर केला. डिस्कच्या माहितीपत्रकात बिघाडांमधलं सरासरी अंतर १० ते १५ लाख तास छापलेलं असे. म्हणजे शंभर वर्षांच्या वर. प्रत्यक्षात मोठमोठ्या केंद्रांत दर वर्षी शंभरातल्या दोन ते चार डिस्का बदलाव्या लागत, काही ठिकाणी त्याहून पुष्कळ जास्त. माहितीपत्रकातल्या आकड्यानुसार शंभरात एकही जायला नको होती.

आमच्या मोहल्ल्यात माझ्या लहानपणी एक हकीमसाहेब होते. मनगटावर तीन बोटं ठेवून डोळे मिटून बसत. त्यांना कुणीसं विचारलं, की नब्ज सगळं सांगते का? ते म्हणाले, "सांगते ते खरं मानावं. नाही सांगत, ते नाहीच असं मानू नये." गूगलच्या निबंधाचं सार याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

हे सगळं मी एका लॅपटॉपच्या निमित्ताने शिकलो. माझे एक कविमित्र, तालुक्याच्या गावी शिक्षक होते, ते वारले. त्यांचा बारा-तेरा वर्षं जुना लॅपटॉप वहिनी माझ्याकडे घेऊन आल्या. त्यात मित्राच्या न छापलेल्या कविता होत्या, आणि त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. म्हातारीला जात्यापाशी बसवून त्यांनी त्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या आणि लॅपटॉपमध्ये ठेवल्या. दुसरीकडे कुठे नव्हत्या. लॅपटॉप सुरू व्हायला पाव तास घेत होता. ओव्यांचा फोल्डर उघडला की पडदा गोठायचा. मधूनच टक्, टक्.

"भाई, रोज दोन-तीनदा लावून बघते," वहिनी म्हणाल्या. "कधी तरी लागेल ना?"

आम्ही बाजारपेठेतल्या एका दुरुस्तीवाल्या मुलाकडे गेलो. त्याने आधी कान लावला. मग म्हणाला, "काकू, आता हा चालू करायचा नाही. प्रत्येक वेळी चालू करता, तेव्हा उरलेलं आयुष्य खर्च होतं." त्याने स्क्रू काढून डिस्क बाहेर घेतली, आपल्या संगणकाला जोडली आणि रोजनिशी उघडली. एकशे सत्त्याण्णवाव्या ओळीत २१६. वर 'ठीक' लिहिलेलंच होतं. मी विचारलं, पूर्ण तपासणी करून बघायची का? "नको चाचा. तपासणीला तासन्‌तास लागतात, आणि तेवढ्या वेळात ती जाऊ शकते. आधी नक्कल, मग निदान."

नक्कल करण्याचीही रीत असते. नेहमीसारखी कॉपी केली तर संगणक पहिल्या खराब कप्प्यापाशी अडून बसतो आणि तिथेच डिस्कचा जीव जातो. यासाठी आंतोनियो दियाझ यांनी २००४ मध्ये 'डीडीरेस्क्यू' नावाचा प्रोग्रॅम केला, तोही फुकट. त्याची चाल साधी आहे. जे सहज वाचता येतं ते आधी उचल. अडलं तिथे थांबू नकोस, नोंद करून पुढे जा. सगळं चांगलं हाती आल्यावर मग अडलेल्याकडे परत वळ. परीक्षेत सोपे प्रश्न आधी सोडवा असं आमचे मास्तर सांगत, तेच.

एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाची दुपार लागली. सहा फायली सोडून सगळं आलं. कविता जुन्या फाँटमध्ये होत्या, त्या आधी नुसत्या गिचमिडीसारख्या दिसल्या. तो फाँट शोधून बसवल्यावर त्या वाचता आल्या. ओव्यांपैकी एका ध्वनिमुद्रणाची पहिली तीन मिनिटंच वाचली. जात्याची घरघर, म्हातारीचा आवाज, आणि ओवीच्या मध्येच शांतता. वहिनींनी ती तीन मिनिटं दुकानात उभ्या उभ्या दोनदा ऐकली. मग मुलाला म्हणाल्या, "हे आत्ताच्या आत्ता माझ्या मोबाइलवर टाक, आणि मुलीला पाठव, आणि यांच्याकडेही ठेव." चौथ्या दिवशी त्याचा फोन आला, ती डिस्क आता फिरतही नव्हती.

म्हणून जुना लॅपटॉप संशयास्पद वागू लागला तर क्रम असा ठेवावा. नुसता मंद चालत असेल तर लगेच घाबरू नये. डिस्क गच्च भरली असेल, मेमरी कमी असेल, व्हायरस असेल, ही कारणं आधी पाहावीत. पण ठरावीक फाइलपाशीच गोठत असेल, वाचता येत नाही असं म्हणत असेल, तर आधी जे अमूल्य आहे ते दुसरीकडे उतरवावं, मग रोजनिशी पाहावी, आणि तपासणी सर्वांत शेवटी. टक् टक् आवाज येत असेल तर तत्क्षणी बंद करून जाणत्याकडे न्यावं. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा एक घरगुती उपाय सांगतात, तो करू नये. आत दव धरतं. आणि डबी उघडून तर मुळीच पाहू नये. त्या नॅनोमीटरच्या फटीपुढे आपल्या खोलीतली हवा म्हणजे वाळूचं वादळ.

आताच्या नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा तबकडी नसतेच, चिप असते. ती फिरत नाही, कुरकुरत नाही, टकटकत नाही. तिचीही रोजनिशी असते, पण ती बिघडली तर कानाला काहीच कळत नाही. तबकडी निदान कण्हत तरी होती.

वहिनींच्या सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या त्यांना त्यांच्या आईकडून आल्या, आईला तिच्या आईकडून. किती जाती झिजली, किती घरं पडली, पण ओवी राहिली, कारण ती कधीच एका ठिकाणी ठेवलेली नव्हती. एका बाईच्या गळ्यातून दुसरीच्या गळ्यात तिची नक्कल होतच होती. सत्तर वर्षांच्या संशोधनाने तबकडीची नाडी पाहायला शिकवलं, आणि नाडीवर विसंबू नका हेही शिकवलं. तुमच्या कपाटात असा एखादा लॅपटॉप असेल आणि त्यात कुणाचा आवाज एकटाच पडून असेल, तर या रविवारी त्याला सोबती द्या.